विश्लेषण : निबंधात माहिती भरपूर, मग युक्तिवाद कच्चा का ठरतो?

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी २०२५ पासून वर्णनात्मक पद्धत स्वीकारली. एकूण १,७५० गुणांपैकी २५० गुण निबंधाच्या पेपरला आहेत. चार पर्यायांतून अचूक उत्तर शोधण्याची सवय झालेल्या उमेदवारांना आता एखादी भूमिका घेऊन ती शेवटपर्यंत टिकवावी लागते. महाविद्यालयातील प्रकल्प आणि पदव्युत्तर प्रबंध यांनाही हेच कौशल्य लागते. सुभाषिते आणि आकडेवारी यांची पेरणी केली की निबंध होतो, हा समज मात्र अजून कायम आहे. युक्तिवाद कसा बांधायचा आणि तो पक्का आहे की नाही हे कसे ओळखायचे?

माहिती आणि युक्तिवाद यांत फरक काय?

‘महाराष्ट्राची साक्षरता २०११ च्या जनगणनेत ८२.३४ टक्के होती’ ही माहिती झाली. ती बरोबर आहे की चूक, एवढेच तपासता येते. ‘शिक्षण वाढले की मुलींबाबतचा भेदभाव कमी होतो’ हा दावा आहे. त्यावर समंजस माणूसही ‘कशावरून?’ असे विचारू शकतो. या प्रश्नाचे उत्तर म्हणजे युक्तिवाद. ज्या विधानावर कोणीच वाद घालणार नाही, त्याभोवती निबंध उभा राहत नाही. ‘शिक्षण महत्त्वाचे आहे’ हे वाक्य खरे असले तरी निबंधाला त्याचा उपयोग नाही, तो याचमुळे.

युक्तिवादाचे भाग कोणते?

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूल्मिन यांनी १९५८ मध्ये ‘द युजेस ऑफ आर्ग्युमेंट’ या ग्रंथात युक्तिवादाचे सहा भाग सांगितले. दावा, त्याचा आधार, आधार आणि दावा यांना जोडणारा दुवा, त्या दुव्याचे पाठबळ, दाव्याची मर्यादा आणि तो कुठे लागू होणार नाही याची कबुली, असे ते भाग.

भारतीय न्यायदर्शनात प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशी पाच पायऱ्यांची मांडणी त्याच्या कित्येक शतके आधीपासून आहे. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तिथे आग आहे, हे निगमन. दिसतो तो धूर नसून धुके असेल, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या कोसळतात. अशा फसव्या हेतूला ‘हेत्वाभास’ म्हणतात.

दोन्ही मांडण्यांत मोलाचा भाग एकच आहे. ‘जिथे धूर तिथे आग’ हा नियम, म्हणजे टूल्मिन यांचा दुवा. निबंधात तो बहुतेक वेळा लिहिलाच जात नाही, लेखकाने मनात गृहीत धरलेला असतो. युक्तिवाद कच्चा राहतो तो बहुधा तिथेच.

प्रत्यक्ष उदाहरणात हे कसे दिसते?

शिक्षण आणि मुलींबाबतच्या भेदभावाचाच दावा घेऊ. २००१ ते २०११ या काळात राज्याची साक्षरता ७६.८८ टक्क्यांवरून ८२.३४ टक्क्यांवर गेली. याच दशकात एकूण लिंगगुणोत्तर, म्हणजे दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या, ९२२ वरून ९२९ झाले. दावा सिद्ध झाला, असे वाटते.

पण त्याच जनगणनेतील शून्य ते सहा वयोगटाचे गुणोत्तर पाहिले, तर ते ९१३ वरून ८९४ वर घसरलेले दिसते. एकूण लोकसंख्येच्या गुणोत्तरावर स्थलांतराचा आणि स्त्रियांच्या आयुर्मानाचाही परिणाम होतो. मुलगी जन्माला येऊ दिली जाते का, या प्रश्नाच्या जवळ जाणारा आकडा लहान मुलांचा आहे. पहिला आकडा खोटा नव्हता, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देत होता. पुरावा तपासताना ‘आकडा खरा आहे का?’ इतकेच विचारून भागत नाही. ‘हा आकडा माझ्याच दाव्याबद्दल बोलतो का?’ हेही विचारावे लागते.

मग शिक्षणामुळे भेदभाव वाढतो, असे म्हणायचे का?

नाही. घाईत लिहिणारे उमेदवार इथेच दुसऱ्या टोकाला जातात. दोन गोष्टी एकाच काळात घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. साक्षरता वाढत होती, त्याच काळात सोनोग्राफी यंत्रे गावोगावी पोहोचत होती आणि कुटुंबे लहान होत होती. शिवाय संपूर्ण राज्याच्या सरासरीवरून एका कुटुंबाने काय केले, हे सांगता येत नाही. साक्षरता म्हणजेच शिक्षण, हेही गृहीतकच आहे.

आता दावा दुरुस्त करता येतो : ‘शिक्षणाने मुलीचे स्थान सुधारू शकते, मात्र मुलाचा आग्रह कायम असेल आणि गर्भलिंगनिदानाचे तंत्र हाताशी असेल, तर केवळ साक्षरता पुरत नाही.’ हे वाक्य आधीच्या दाव्यापेक्षा कमी टाळ्या मिळवील, पण परीक्षकाच्या पहिल्या प्रश्नाला टिकेल. त्याला आधारही जोडता येतो. महाराष्ट्राने १९८८ मध्येच गर्भलिंगनिदानाविरोधात कायदा केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. शाळांबरोबर कायद्याचीही गरज भासली, हे त्यातून दाखवता येते.

विरोधी बाजू मांडल्याने निबंध कमकुवत होतो का?

उलट तो मजबूत होतो. शास्त्रार्थाच्या परंपरेत आधी पूर्वपक्ष आणि मग उत्तरपक्ष मांडण्याची शिस्त आहे. अट एकच. विरोधकाचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडायचे. ‘काही लोक शिक्षणाला विरोध करतात’ असे लिहून ते खोडणे सोपे आहे, पण तसे म्हणणारे कोणी नसतेच. ‘कायदे असूनही बालगुणोत्तर घसरले, मग कायद्याचा उपयोग काय?’ हा खरा आक्षेप आहे. कायदा करणे आणि तो अमलात आणणे यांतील अंतर दाखवून त्याला उत्तर देता येते. आक्षेपात तथ्य असेल, तर तितका भाग मान्य करून दावा आणखी नेमका करावा.

‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे, सुवर्णमध्य साधला पाहिजे’ हा शेवट मात्र टाळलेला बरा. त्यात समतोल दिसतो, पण निर्णय नसतो.

स्वतःचा निबंध कसा तपासावा?

लिहायला बसण्यापूर्वी दावा एका वाक्यात लिहावा. तो जमत नसेल, तर भूमिकाच ठरलेली नाही. लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य सलग वाचावे. त्यांतून युक्तिवाद पुढे सरकताना दिसला पाहिजे. परिच्छेदांचा क्रम बदलूनही काही बिघडत नसेल, तर ती केवळ मुद्द्यांची यादी आहे. प्रत्येक आकड्यापुढे ‘म्हणून काय?’ आणि प्रत्येक ‘म्हणून’पुढे ‘कशावरून?’ असे विचारावे. ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘केवळ’ हे शब्द शोधून त्यांना एखादा अपवाद सापडतो का ते पाहावे. सापडला तर शब्द बदलावा.

ही तपासणी पेपरपुरती नाही. या परीक्षेतून निवड होणाऱ्या अधिकाऱ्यासमोर उद्या एखाद्या योजनेचा अहवाल येईल आणि त्यात ९२९ चा आकडा ठळक छापलेला असेल. ८९४ कुठे आहे, हे त्याने विचारणे अपेक्षित आहे.