वाळूत रुतलेली पिशवी

समुद्रकिनाऱ्यावरील प्लास्टिक गोळा करणे म्हणजे वाळूवर पडलेल्या वस्तू वेचणे, हा दुरून पाहणाऱ्याचा समज मुंबईतील वर्सोव्याच्या किनाऱ्यावर फार वेळ टिकत नाही, कारण तेथे हे काम बव्हंशी उपसण्याचे आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलांनी ८४ वर्षांचे शेजारी हरबंश माथूर यांच्यासह सफाई सुरू केली, तेव्हा किनाऱ्यावर प्लास्टिकचा साडेपाच फुटांचा थर होता, असे शाह यांनी पुढे सांगितले. साडेपाच फूट म्हणजे उभ्या माणसाची उंची, आणि तो थर दोन माणसांनी हातांनी काढायला घेतला होता.

कामाचा क्रम साधा आहे: ओहोटीच्या सुमारास जमणे, हातमोजे घालणे, गोण्या भरणे आणि त्या गाडीपर्यंत ओढत नेणे. भरतीचे पाणी जेथवर चढते तेथे वाहून आलेल्या वस्तूंची एक ओळ उरते, तिला भरतीरेषा म्हणतात. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणात, ही रेषा वर सरकते आणि अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, खाली येते. त्यामुळे उधाणाने वर टाकलेल्या कचऱ्याला पुढचे काही दिवस पाणी शिवत नाही आणि वाऱ्याने उडालेली वाळू त्याच्यावर साचत जाते. ज्या पिशवीचा फक्त बंद वर दिसतो, ती अशा रीतीने पुरली गेलेली असते.

या कामाचे खरे कष्ट त्या बंदापाशी कळतात. स्वयंसेवक बंद धरून ओढतो, ओली वाळू पिशवीला सोडत नाही, मग गुडघे टेकून भोवतीची वाळू उकरावी लागते, आणि पिशवी सुटली की खालून काळी वाळू व सडक्या अंड्यांसारखा वास वर येतो. प्लास्टिकच्या आवरणाखाली हवा पोहोचत नाही, प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू तेथे वाढतात आणि त्यांच्यामुळे तयार होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा तो वास असतो. पिशवीखालचा किनारा अक्षरशः गुदमरलेला असतो.

गोणीत काय येते यापेक्षा काय येत नाही, हे अधिक बोलके आहे. पाण्याच्या अखंड बाटलीला भंगारात भाव मिळतो, म्हणून ती बहुधा वस्तीतच कचरावेचकाच्या हाती लागते. परंतु गुटखा, शाम्पू, वेफर यांच्या पुड्यांमध्ये वेगवेगळ्या पदार्थांचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करणे परवडत नाही आणि म्हणून त्या पुडीला कोणी विचारत नाही. नाल्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जाऊन ती परत येते. बाजाराने नाकारलेली वस्तू अखेर विनामोबदला राबणाऱ्या माणसांना उचलावी लागते, हा अन्याय आहे, आणि वर्षातून एकदा छायाचित्रासाठी होणाऱ्या सफाईने तो झाकला जातो. उचललेला कचरा कोणी नेला नाही तर तोही पुन्हा पाण्याकडे सरकतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये कचरा पडून राहिल्याने आणि स्वयंसेवकांना शिवीगाळ झाल्याने वर्सोव्याचे काम काही काळ थांबवावे लागले होते.

मार्च २०१८ मध्ये याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. या कासवाची मादी मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी साधारण दीड फूट खोल खड्डा करून त्यात अंडी घालते. ज्या वाळूवर साडेपाच फुटांचा थर साचला होता, तेथे त्या दीड फुटासाठी मोकळी वाळू उरली नव्हती, एवढी तुलना सफाईचे मोल समजण्यास पुरेशी आहे.

तरीही प्रत्येक पिशवी अखंड निघत नाही. उन्हातील अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होते आणि काही वर्षे उन्हात तापलेली पिशवी ओढताक्षणी हातातच फाटून तिचे कपटे होतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. ते गोणीत भरता येत नाहीत आणि वाळूपासून वेगळे ओळखूही येत नाहीत. अशा वेळी गोणी बाजूला ठेवून, उरलेले कपटे एकेक करून तळहातावर गोळा करीत बसलेला माणूस या किनाऱ्यावर दिसतो, आणि तोवर भरतीचे पाणी त्याच्या पावलांपर्यंत आलेले असते.