सरकारचे कर्ज आणि मजुराचे घर

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही वाडवडिलांची शिकवण. मग सरकार दरवर्षी उत्पन्नाहून अधिक खर्च करून कर्ज काढते, ते कोणत्या न्यायाने? प्रश्न रास्त आहे. २०२० सालच्या अनुभवावरून त्याचा विचार करू.

त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. नागपूर, हैदराबादकडे मजुरीस गेलेली आपल्या बालाघाट जिल्ह्यातील कित्येक माणसे पायी घरी परतली. रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने थोड्या मुदतीचे कर्ज देते, तो रेपो दर तिने ५.१५ टक्क्यांवरून २२ मेपर्यंत ४ टक्क्यांवर आणला. कर्ज स्वस्त व्हावे व धंदे चालावेत, हा हेतू. परंतु गिऱ्हाईकच नसेल तर दुकानदार स्वस्त कर्ज घेऊन काय करील? आणि ज्याची मजुरीच बुडाली, त्याची चूल केवळ व्याज उतरल्याने पेटत नाही.

येथे घराचा आणि राज्याचा हिशेब वेगळा होतो. एका घराने हात आखडला तर ते सावरते; सर्वांनीच एकदम आखडला तर सर्वांचीच मिळकत बुडते, कारण एकाचा खर्च हीच दुसऱ्याची कमाई असते. अशा वेळी खर्च करणारा कोणी तरी हवा, आणि ते सामर्थ्य सरकारपाशी असते. २०२०-२१ मध्ये केंद्राची तूट देशाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे ९.२ टक्क्यांवर गेली. आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट. शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो धान्य मोफत मिळाले. रोजगार हमीच्या ६१,५०० कोटी रुपयांत ४०,००० कोटींची भर पडली. हे कर्ज चैनीचे नव्हते.

तथापि कर्ज फुकट नसते. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात खर्चाच्या प्रत्येक रुपयातील २० पैसे व्याजासाठी होते. शिवाय पैसा स्वस्त आणि माल अपुरा, अशी स्थिती आली की महागाई वाढते. एप्रिल २०२२ मध्ये ती ७.७९ टक्के झाली. रिझर्व्ह बँकेची वरची मर्यादा ६ टक्क्यांची. युक्रेनमधील युद्धाचाही त्यात वाटा होता. मग रेपो दर चढत फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० टक्क्यांवर गेला. महागाईचा घाव प्रथम कोणावर पडतो? ज्याच्यापाशी ना जमीन, ना सोने, केवळ रोजची मजुरी, त्याच्यावर.

म्हणून, वाचकहो, कर्ज काढले एवढ्यावरून सरकारला दोष देऊ नये, आणि पैसा वाटला एवढ्यावरून त्याची वाहवाही करू नये. धानाच्या बियाण्यासाठी काढलेले कर्ज वेगळे आणि जेवणावळीसाठी काढलेले वेगळे, हे आपला शेतकरी जाणतो. तीच पारख ग्रामसभेत लावावी: आपल्या नावावर काढलेल्या पैशातून तलाव खोदला गेला काय? त्यात पाणी साठते काय? मजुरी वेळेवर हाती पडली काय? हे कर्ज आपली मुले फेडणार आहेत. त्याचा जाब विचारणे हे आपले काम आहे.