गिटारची मान वाकते तेव्हा...

दोस्तांनो, गॅदरिंग तोंडावर आलंय आणि माळ्यावरून काढलेली दादाची गिटार काही केल्या नीट वाजत नाही. तारा इतक्या वर आल्यात, की दाबता दाबता बोटं सोलून निघतायत! अशा वेळी कुणीतरी सांगतंच, "ट्रस रॉड पिळ की!" पण जरा थांबा.

स्टीलच्या सहा तारा मिळून गिटारच्या मानेला साधारण ७० किलोच्या ताणाने ओढत असतात. एखादे धट्टेकट्टे काका रात्रंदिवस लोंबकळताहेत म्हणा ना! मग मान पुढे वाकणारच. तिला आवरायला आत पोलादी सळई असते. तोच हा ट्रस रॉड. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ साली अमेरिकेत त्याचं पेटंट मिळालं. नायलॉन तारांच्या गिटारमध्ये मात्र तो बहुधा नसतो, उगाच शोधत बसू नका.

त्यात आपण राहतो ठाणे-कल्याण-डोंबिवलीत. खाडीची दमट हवा, वर चार महिने पाऊस. लाकूड फुगतं, आकसतं आणि रॉडच्या टोकाचा नट गंजून बसतो.

आधी तपासा. तारा सुरात लावा. एक तार पहिल्या फ्रेटवर आणि मान खोक्याला मिळते तिथे दाबून धरा. मधोमध पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट असेल, तर मान ठीक आहे. दोष दुसरीकडे शोधा. फट मोठी असेल तर तारा सैल करा आणि बरोबर मापाच्या अॅलन कीने नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फक्त पाव फेरा फिरवा. पुन्हा सुरात लावून बघा.

नट हलतच नाही? इथेच माझा घात झाला होता. शाळेत असताना मित्राची गिटार मागून आणली आणि नटावर सगळा जोर लावला. "कट्" असा आवाज आला. वाटलं, सुटला! सुटला कसला, रॉड तुटला होता. ते मित्राला कसं सांगायचं, या विचारात डोंबिवली स्टेशनच्या पुलावर कितीतरी वेळ उभा होतो.

म्हणून आधी नट उलटा, सैल करून बघा. काडीने आट्यांवर तेलाचा एकच थेंब सोडा, लाकडाला लागू देऊ नका. रात्रभर थांबा.

नट फिरतो, पण शेवटी अडतो आणि मान वाकडी ती वाकडीच? म्हणजे आटे संपले. निघत असेल तर नट पूर्ण काढून खाली एक-दोन छोटे वॉशर घाला. नट लवकर टेकतो आणि आवळायला जागा मिळते. तरी जमलं नाही, तर सरळ कारागिराकडे जा. तो मान शिकंज्यात धरून हळूच मागे वाकवतो आणि मगच नट आवळतो. मान सरळ करतो शिकंजा, रॉड ती फक्त टिकवून धरतो.

हाताला जोर लागतोय असं वाटलं, की थांबायचं बरं का! गॅदरिंग पुढच्या वर्षीही असतं. तुटलेला रॉड काढायला मात्र बहुतेक वेळा मानेवरचा फ्रेटबोर्डच उचकटावा लागतो.