इंग्रजी शिक्षणाचा जमाखर्च

आपल्या मुलास इंग्रजी यावें म्हणून व्यापारी, कारकून व कारागीर आज पोटास चिमटा घेऊन पैसा खर्च करीत आहेत. यांत आम्हांस निंद्य असें कांहींच दिसत नाहीं. ज्या भाषेवांचून वरिष्ठ न्यायालयांतील कज्जा, वैद्यकाचा ग्रंथ किंवा परदेशचा पत्रव्यवहार उलगडत नाहीं, ती मुलास यावी असें वाटणें हें शहाणपणाचेंच लक्षण होय. आमची तक्रार निराळी आहे. पसाभर धान्य घेतांना वजनकांटा निरखणारे आम्ही लोक, मुलाच्या आयुष्याचीं दहा वर्षें इंग्रजीवर लावतांना मात्र, पदरांत काय पडलें हें एकदांही विचारीत नाहीं.

वस्तुतः हा हिशेब सुमारें शंभर वर्षांपूर्वीं अखंड बंगालांत मांडला गेला आहे. डाक्क्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनीं १९२६ सालीं बंगालच्या द्विभाषिकतेवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि विम्याच्या व्यवहारांतील एक शब्द शिक्षणशास्त्रांत आणला. विमेदारानें हप्ते मध्येंच थांबविले असतां त्यास जी रक्कम परत मिळते तिला 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणतात, हें व्यापारी वाचकांस सांगणें नकोच. वेस्ट यांनीं विचारलें कीं, मध्येंच शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हातीं त्यानें शिकलेल्या इंग्रजीपैकीं उपयोगाचें असें किती उरतें? बहुसंख्य मुलें शेवटच्या परीक्षेपर्यंत पोंचत नसत. अभ्यासक्रम मात्र जीं थोडीं पोंचत त्यांच्याचसाठीं आंखलेला असे. व्याकरणाचे नियम घोकण्याचें फळ मिळालेंच तर शेवटीं मिळतें. मध्येंच उठलेल्याचे सर्व हप्ते बुडतात. म्हणून, अर्ध्यावर सोडलें तरी ज्याचा उपयोग राहील असें वाचन प्रथम शिकवावें, हा त्यांचा निष्कर्ष. त्यासाठीं त्यांनीं मोजक्या शब्दांचीं वाचनमाला-पुस्तकें रचलीं. त्यांत नवा शब्द अंतराअंतरानें येई आणि आलेला शब्द पुनःपुन्हां भेटे. केवळ वाचनानें आजची गरज भागणार नाहीं हें खरें. पण त्यांचा प्रश्न मात्र आजही जसाच्या तसा उभा आहे.

त्या प्रश्नाचें उत्तर आपल्याकडे पुष्कळांनीं एका शब्दांत दिलें आहे : लवकर आरंभ करा. महाराष्ट्र सरकारनें २००० सालीं मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला. तत्पूर्वीं तो पांचवीपासून असे. पण लवकर आरंभ म्हणजे अधिक नफा, हा हिशेब आपोआप जुळत नाहीं. स्पेनमध्यें परकीय भाषेच्या आरंभाचें वय ११ वरून ८ वर आणलें गेलें, तेव्हां बार्सिलोना विद्यापीठांतील कार्मेन मुन्योस व त्यांचे सहकारी यांनीं दोन्ही प्रकारच्या मुलांची तुलना केली. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या या संशोधनांत असें दिसलें कीं, तितकेच तास शिकल्यानंतर उशिरां आरंभ केलेलीं मुलें सामान्यतः पुढें होतीं. याचा अर्थ लहान मुलांस इंग्रजी शिकवूंच नये असा नव्हे. आठवड्याच्या थोड्याशा तासिकांत कोंवळें वय हें भांडवल ठरत नाहीं. तास, पद्धति व शिक्षक हेंच खरें भांडवल, इतकाच त्याचा अर्थ.

पद्धतीविषयींही परदेशाकडे पाहण्याचें कारण नाहीं. १९७९ ते १९८४ या काळांत एन. एस. प्रभू यांनीं बंगळूर, मद्रास वगैरे ठिकाणच्या शाळांत एक प्रयोग चालविला. तेथें व्याकरणाचा पाठ नसे; रेल्वेचें वेळापत्रक किंवा नकाशा पुढें ठेवून मुलांकडून इंग्रजींतून प्रश्न सोडवून घेत. लक्ष अर्थाकडे गेलें म्हणजे भाषेची घडण मनांत आपोआप बसते, हें त्यामागील तत्त्व. मातृभाषेवर तेथें बंदी नव्हती. बेरेटा व डेव्हिस यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या परीक्षणाचा निर्णय सावध, पण एकंदरींत अनुकूल होता.

आतां घरचा जमाखर्च पाहूं. जें मूल घरीं इंग्रजीचा शब्दही ऐकत नाहीं, त्याला गणित व भूगोलही इंग्रजींतूनच घोकावयास लावलें आणि तें मध्येंच बाहेर पडलें, तर त्याच्या हातीं काय उरतें? इंग्रजी आलेलें नसतें, विषय समजलेला नसतो आणि मराठी लेखनही कच्चें राहिलेलें असतें. तेलही गेलें, तूपही गेलें, हातीं धुपाटणें आलें! लग्नासाठीं वा घरकामासाठीं जिची शाळा आधीं सुटते त्या मुलीचें नुकसान तर कोणाच्या खात्यावर मांडलेंही जात नाहीं. विषयाचें ज्ञान मातृभाषेंतून आणि इंग्रजी ही भाषा म्हणून उत्तम रीतीनें, ही वांटणी म्हणूनच आम्हांस न्याय्य व फायद्याची वाटते.

परंतु 'उत्तम रीतीनें' हे शब्द कागदावर राहतां उपयोगी नाहींत. ज्या शिक्षकास स्वतःस इंग्रजींत चार वाक्यें बोलण्याचा सराव कोणी दिला नाहीं, त्याच्यावर दोष लादून काय होणार? आडांतच नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? शिक्षकांस सतत प्रशिक्षण आणि प्रत्येक शाळेस सोप्या वाचनपुस्तकांचें कपाट, एवढें सरकारनें दिलेंच पाहिजे. आणि पालकांनीं शाळेची इमारत, गणवेश व पाटी पाहून भुलण्याऐवजीं एवढेंच विचारावें : माझें मूल आज शाळेंतून उठलें, तर त्याला इंग्रजींतील एखादें पत्र वाचतां येईल काय? ज्या शाळेला याचें उत्तर देतां येत नाहीं, तिची फी कितीही मोठी असो, तो सौदा तोट्याचाच समजावा.