चंद्राच्या पोटात काय आहे?

मे महिन्यात वीकेंडला जोडून सुट्टी टाकली आणि जिंतूर तालुक्यातलं गाव गाठलं. निमित्त होतं बाबांचं तिसरं बोअर. आधीची दोन कोरडी! पानाड्यानं तळहातावर नारळ धरून जागा दाखवली, रात्री गाडी लागली. काळ्या पाषाणात ड्रिल शिरलं आणि राखाडी धुराळा उसळला. बाबांच्या भुवया, माझे ब्रँडेड शूज, सगळं राखाडी. वर टपोरा चंद्र. म्हटलं, हा तर तिथलाच सीन!

फेकत नाहीये. चंद्रावरचा ‘ससा’ म्हणजे थिजलेला लाव्हा, बेसॉल्ट. आपल्या काळ्या दगडाचाच भाऊबंद. आपला साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, तिथला बहुतेक तीनशे कोटींहून जुना. हवा-पाणी नाही, त्यामुळे त्याची कापसाची काळी माती झाली नाही. उल्कांनी कुटून पावडर केली. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला अशाच दगडात उल्का आदळून सुमारे १.८ किलोमीटरचं विवर झालंय. चंद्राच्या अभ्यासकांना त्याचं अप्रूप ते उगाच नाही.

उजळ भाग वेगळा. सुरुवातीला चंद्रावर वितळलेल्या खडकाचा समुद्रच होता. हलकी खनिजं सायीसारखी वर आली, जड खाली बसली. २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या प्रज्ञाननं तपासलेल्या मातीतही या सायीचाच अंश मोठा निघाला.

आणि अगदी आत? अपोलोवाल्यांचं ड्रिल जेमतेम तीन मीटर गेलं. पण त्यांनी ठेवलेली भूकंपमापकं १९७७ पर्यंत चंद्राचे हादरे टिपत राहिली. त्या जुन्या नोंदी नव्यानं तपासल्यावर २०११ मध्ये चित्र स्पष्ट झालं: मधोमध सुमारे २४० किलोमीटर त्रिज्येचा घट्ट लोखंडी गाभा, भोवती वितळलेला थर.

पहाटे चहा पिताना हे सगळं बाबांना सांगितलं.

“एवढ्या लांबचं दिसतंय, अन् आपल्या रानाखालचं का दिसंना?”

“दिसतं की बाबा, अंदाज येतो. जमिनीत करंट सोडून रोध मोजतात. ओल्या खडकाचा कमी भरतो.”

तेवढ्यात गाडी थांबली. ४०० फूट. नुसता धुराळा. गाडीवाला फुटाच्या हिशेबानं बिल मांडू लागला.

बाबांनी कप खाली ठेवला. “हे आधी सांगायचं की रे.”