घरातला नवा मीटर

बिल जास्त आलं की आपण म्हणतो, मीटर पळतो. नव्या स्मार्ट मीटरविषयी तर ही शंका फारच. शंका असेल तर तक्रार करावी. 2024 च्या केंद्रीय नियमाप्रमाणे कंपनीने पाच दिवसांत दुसरा मीटर जोडून निदान तीन महिने ताळा पाहायचा आहे. हा हक्क गावात फारसा कुणाला ठाऊक नसतो.

हा मीटर दर अर्ध्या तासाचा किंवा त्याहूनही कमी वेळाचा वापर टिपून कंपनीकडे पाठवतो. मात्र नुसता बसवल्याने एक पैची वीज वाचत नाही, बरं का! हजार वॅट तासभर चालले की एक युनिट. 60 वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला 9 युनिटं. 9 वॅटचा एलईडी दिवा दीड युनिटही घेत नाही. जुना 75 वॅटचा पंखा रोज बारा तास फिरला की 27 युनिटं; 28 वॅटच्या नव्या पंख्याला सुमारे दहा पुरतात. गुरुजींनी मुलांकडून घरोघरचा असा तक्ता करून घ्यावा.

राहिली वेळ. 2023 च्या नियमांनुसार, शेतीपंप वगळता, उन्हाच्या वेळी दर कमी आणि गर्दीच्या वेळी जास्त ठेवायचा आहे. तेव्हा घरच्या पाण्याची मोटर दुपारी लावावी. पण दुपारी सगळे शेतावर, लावणार कोण? हे बहुधा घरच्या बाईच्याच गळ्यात पडतं, आणि आकडे मात्र कारभाऱ्याच्या मोबाईलवर! ते आधी तिला दाखवा. कोणतं यंत्र कधी चालतं, हे तिलाच ठाऊक असतं.