बंद कॉम्प्युटर आणि 'फॉरमॅट मारतो' म्हणणारा कारागीर

मंडईच्या मागच्या गल्लीत आमचे कापडाचे दुकान आहे, वरच्या मजल्यावर घर. २०१० साली घेतलेल्या घरच्या कॉम्प्युटरवर आम्ही रात्री दुकान वाढवल्यावर हिशेब चढवतो. मध्यंतरी मालेगावच्या एका जुन्या यंत्रमागवाल्या पार्टीचा फोन आला. २०१८ सालच्या एका बिलाची रक्कम आमच्याकडून येणे आहे, असे त्यांचे म्हणणे. आमच्या आठवणीप्रमाणे ते बिल चुकते झालेले. दोघेही पन्नाशी ओलांडलेले, दोघांचीही आठवण कच्ची, आणि वीस वर्षांचा व्यवहार पणाला लागलेला. "खाते बघून कळवतो" म्हणालो आणि वर जाऊन बटण दाबले.

पडद्यावर विंडोजचे चिन्ह आले, क्षणभर निळे काहीतरी चमकले आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. असे दहा वेळा. दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाला, "चाचा, विंडोज उडाली. फॉरमॅट मारून नवी टाकतो, संध्याकाळपर्यंत चालू." आम्ही विचारले, "आणि हिशेब?" तो म्हणाला, "तो जाणार ना, चाचा."

त्या पोराचा हेतू वाईट नव्हता. त्याला यंत्र चालू करून द्यायचे होते, आम्हाला खाते हवे होते. आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवले आणि भाच्याला बोलावून घेतले. व्यापारी बंधूंनी लक्षात ठेवावे, यंत्र जुन्या बाजारात थोडक्या पैशांत मिळते, आतले खाते कोठेही मिळत नाही. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे त्या त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो, अपील चालू असेल तर त्याहून पुढेही.

भाच्याने पहिला प्रश्न विचारला, "मामू, प्लग काढून ठेवला होता का?" होता. लग्नासाठी आठ दिवस सोलापूरला गेलो होतो, जाताना सवयीने सगळे प्लग काढले होते. "मग सेल बघू," तो म्हणाला.

हा सेल म्हणजे मदरबोर्डवरची रुपयाच्या नाण्यासारखी गोल बॅटरी. नंबर सीआर २०३२, तीन व्होल्टची. आयबीएम कंपनीने १९८४ साली आपल्या एटी कॉम्प्युटरमध्ये घड्याळ आणि मूळ मांडणी बॅटरीवर जपण्याची सोय दिली, तीच पद्धत पुढे घरोघरी आली. तारीख कोणती, हार्ड डिस्क कोणत्या पद्धतीने वाचायची, आधी कोणत्या डिस्ककडे बघायचे, हे सगळे त्या सेलच्या भरवशावर. प्लग लावलेला असेल तर यंत्राला भिंतीतून थोडी वीज मिळत राहते आणि मेलेला सेल कळून येत नाही. प्लग काढला की यंत्र सगळे विसरते.

सुरू होताच डिलीट बटण दाबून तो मांडणीच्या पानावर गेला. तेथे तारीख होती २००९ सालची! सेटिंग मूळपदावर गेले होते. आमची विंडोज सेव्हन 'एएचसीआय' पद्धतीवर बसवलेली होती, यंत्र आता डिस्क 'आयडीई' पद्धतीने वाचू पाहत होते. डिस्क चांगली, विंडोज चांगली, मधली बोली मात्र बदललेली. टपकीर गल्ली आमच्यापासून पायी दहा मिनिटांवर. नवा सेल आणला, तारीख आणि पद्धत बदलली, एफ टेन दाबून जतन केले. यंत्र सुरू.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. इंग्रजी अक्षरे जुळवून वाचेपर्यंत निळा पडदा निघून जातो. त्यावर तोडगा आहे. विंडोज सेव्हनमध्ये यंत्र सुरू होताना एफ एट दाबत राहिले की एक यादी येते. त्यात आपोआप पुन्हा सुरू होणे बंद करण्याची ओळ असते. ती निवडली की निळा पडदा थांबतो, मोबाईलवर फोटो काढता येतो. आमच्याकडे शेवटचे दोन आकडे 'सेव्हन बी' होते, म्हणजे विंडोजला आपलीच डिस्क सापडत नाही. हा फोटो दाखवला तर कारागीरही अंदाजाने बोलत नाही.

प्रत्येक यंत्राचा रोग हाच असेल असे नाही. पंखाच फिरत नसेल तर आधी प्लग, एक्स्टेंशन बोर्ड आणि मागचा छोटा स्विच बघावा, नंतर वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, दुसरा लावून पाहावा. तो डबा उघडू नये, प्लग काढल्यावरही आत झटका शिल्लक असतो. पंखा फिरतो, पडदा काळा आणि लांब शिट्ट्या येत असतील तर बहुधा रॅम. ती काढून सोनेरी कडा पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून परत बसवावी. पेन ड्राइव्ह लावून ठेवला म्हणून यंत्र अडल्याचेही आम्ही पाहिले आहे.

आपल्या धंद्याचा एक खास रोग आहे. थान उलगडताना उडणारी सुताची बारीक लव प्रोसेसरच्या पंख्याखाली नमदा जमावा तशी जमते. यंत्र पाच-दहा मिनिटे चालते, तापते आणि विझते. लोक याला व्हायरस म्हणतात! प्लग काढून, पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने साफ केले तर काम भागते. दर्जी, रफूगर, गादीवाले यांनी हे वर्षातून दोनदा करावे.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. प्रत्येक वेळी नुकसान वाढते. आवाज नसेल तर डिस्क काढून जोडणीच्या केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावावी आणि आधी हिशेबाचा फोल्डर उतरवून घ्यावा. चुकून फॉरमॅट झालेच तर त्या डिस्कवर काहीही नवे टाकू नये. वर नवे लिहिले जात नाही तोवर जुने बरेचसे परत मिळू शकते.

विंडोज सेव्हनचे पाठबळ कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजीच थांबवले आहे. म्हणून आमच्या त्या यंत्राला आता इंटरनेट जोडलेले नाही.

मालेगावचे खाते त्याच रात्री उघडले. बिल दोन हप्त्यांत द्यायचे ठरले होते. पहिल्या हप्त्याची नोंद होती, दुसऱ्याची नव्हती. बँकेच्या जुन्या पासबुकातही नव्हती. सकाळी फोन करून रक्कम पाठवली आणि उशिराबद्दल माफी मागितली. मग सारा हिशेब दोन पेन ड्राइव्हवर उतरवला, एक दुकानात, एक बहिणीच्या घरी. थानाला लावतो तशी चिठ्ठी कॅबिनेटला चिकटवली आहे. तिच्यावर सेल बदलल्याची तारीख आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत 'एएचसीआय'.